कर्णिकांचा वरचा मजला

स्वप्नाली गावंडे घर बघायला गेली की लगेच बेल वाजवत नसे. रस्त्यापलीकडे गाडी लावून ती आधी थोडा वेळ नुसती बसून राही. पडदे उघडे आहेत का, ड्राइव्हवेवर गाड्या किती, कचऱ्याचे डबे एका कुटुंबाचे वाटतात की चार, बेसमेंटच्या खिडकीला आतून पुठ्ठा तर लावलेला नाही ना. शेजारी बसलेली तिची बारा वर्षांची मुलगी केया तोवर कानात इअरफोन घालून डोळे मिटून घेई.

"मॉम, वी लुक लाइक कॉप्स," ती एकदा म्हणाली.

"दिसू दे," स्वप्नाली म्हणाली.

टोरोंटोपासून दूर उत्तरेला, टिमिन्स गावी सोन्याच्या खाणीच्या लॅबमध्ये ती बरीच वर्षं काम करत होती. खाणीतून दगडाचा भुगा पिशव्यांतून येई, त्यात सोनं किती ते तपासून सांगायचं. खाणीची माणसं त्या पिशव्यांत मुद्दाम एखादी पिशवी कोऱ्या दगडाची घालत, ज्यात सोन्याचा कणही नसे. लॅब डोळे मिटून काम करते की उघडे ठेवून, ते कळावं म्हणून. त्यामुळे आलेल्या प्रत्येक पिशवीकडे संशयानं बघणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता.

पण संशय तिला नोकरीनं शिकवलेला नव्हता. ती अमरावतीहून शिकायला आली तेव्हा टोरोंटोजवळच्या एका उपनगरात एका मराठी गृहस्थानं तिला फोनवर खोली दिली होती. खोलीचा व्हिडिओ पाठवला होता, "आपल्या माणसांत ये, काळजी करू नको" म्हणाला होता. ती दोन बॅगा घेऊन त्या पत्त्यावर पोचली, तर एका पोर्तुगीज आजीबाईंनी दार उघडलं. त्यांनी आयुष्यात कधी भाडेकरू ठेवला नव्हता. त्या गृहस्थाचा फोन त्यानंतर कधी लागला नाही. तेव्हापासून "आपली माणसं" हे दोन शब्द ऐकले की स्वप्नाली सावध होई. शिक्षण संपल्याबरोबर तिनं उत्तरेकडची नोकरी धरली. तिथे खाणच राहायला घर देत होती. लग्न झालं, केया झाली. केयाचे वडील अथर्व टिमिन्सचे काही हिवाळे काढून कॅलगरीला गेले आणि तिथलेच झाले.

आता खाणीनं लॅब बंद करायचं ठरवलं होतं. सगळी तपासणी खाली, टोरोंटोच्या उत्तरेला एका मोठ्या लॅबमध्ये होणार होती आणि स्वप्नालीला तिथे जागा मिळाली होती. टिमिन्सची माणसं टोरोंटोला नुसतं "साउथ" म्हणतात, आणि म्हणताना थोडं नाक वर करतात. तिच्या मॅनेजरनं तिला सांगितलं, "साउथला गेलीस की दाराला दोन कुलपं लाव." तो गंमत करत होता. तिनं मान डोलावली ती मात्र मनापासून.

केयाच्या शाळेच्या मार्च ब्रेकमध्ये मायलेकी गाडी घेऊन घर शोधायला निघाल्या आणि एका मोटेलात उतरल्या. पहिला कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, नॉर्थ यॉर्कला होता. एजंट हिंदीत "आप तो अपनी हैं" म्हणाला, आणि वॉशरूमचा नळ सोडून बघू दे म्हटल्यावर घाईत असल्यासारखं घड्याळ बघू लागला. दुसरं घर स्कारबरोला, चांगलं उजेडाचं, पण बेसमेंट. बाहेर पडायला एकच दार, तेही मालकाच्या किचनमधून. स्वप्नालीनं दोन्ही ठिकाणी हसून "कळवते" म्हटलं.

तिसरी जाहिरात मराठी मंडळाच्या ग्रुपवर होती. रिचमंड हिलला घराचा वरचा अख्खा मजला, दोन बेडरूम, वेगळं किचन, शाळा चालत जाण्यासारखी. भाडं मात्र बेसमेंटएवढं. स्वप्नालीनं ते दोनदा वाचलं आणि मनात म्हटलं, इथे नक्की काहीतरी आहे.

घर होतं कर्णिकांचं. सूर्यकांत कर्णिक शहराच्या पाणी खात्यात इंजिनिअर होते, आता रिटायर्ड. बायको प्रभाकाकू सत्तरीच्या, चालायला चपळ, बोलायला त्याहून. घर इतकं नीटनेटकं की स्वप्नालीला तेही खटकलं. काका हॉलमध्ये शर्टाचं वरचं बटण लावून ताठ बसले होते.

"कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

"टिमिन्सहून."

"टिमिन्स. पाणी चांगलं आहे तिकडचं."

प्रभाकाकूंनी घाईघाईनं चहा पुढे केला. "काय करायचंय आता पाणी? स्वप्नाली, तुझी झोप गाढ आहे का गं?"

स्वप्नालीनं कप खाली ठेवला. "का?"

"अशीच विचारते. आणि संध्याकाळी घरी साधारण कधी येशील? मुलगी घाबरट नाही ना?"

घरमालकीण नोकरीचं विचारत नव्हती, पगाराचं विचारत नव्हती. झोपेचं विचारत होती. वर जाताना स्वप्नालीनं खालच्या किचनमध्ये डोकावून पाहिलं. शेगडीला एकही बटण नव्हतं. जिथे बटणं असायची तिथे नुसत्या लोखंडी काड्या पुढे आलेल्या. वरचा मजला खरंच सुरेख होता, फक्त पॅसेजच्या टोकाच्या खोलीला बाहेरून कडी ठोकून मोठं कुलूप घातलं होतं.

"इथे काय आहे?"

"आमचं जुनं सामान. ती खोली सोडून बाकी सगळं तुमचं."

खाली आल्यावर काकांनी परत विचारलं, "कुठून आलात?" स्वप्नालीनं उत्तर द्यायच्या आत काकू म्हणाल्या, "टिमिन्सहून, सांगितलं ना तिनं. जरा कमी ऐकू येतं यांना." मग दाराशी येऊन त्यांनी स्वप्नालीचा हात धरला. "मोटेलात कशाला राहता? दोन दिवस इथेच राहून बघा. आवडलं तर घ्या."

फुकट राहायला कोण बोलावतं, या प्रश्नाचं उत्तर शोधत स्वप्नाली गाडीपर्यंत आली. शेजारचे इराणी गृहस्थ ओला, काळपट बर्फ शोव्हल करत होते. ती सरळ त्यांच्याकडे गेली आणि कर्णिक कसे आहेत म्हणून विचारलं.

"गुड पीपल. व्हेरी गुड पीपल," ते म्हणाले. मग शोव्हलवर टेकून त्यांनी घराच्या वरच्या खिडकीकडे पाहिलं. "मागचा भाडेकरू महिन्याभरात गेला. त्याच्या आधीचे पण." आणि इंग्रजीतच पुढे म्हणाले, "माझा काही संबंध नाही."

मोटेलवर येऊन स्वप्नालीनं काकूंना फोन केला आणि मागच्या भाडेकरूचा नंबर मागितला. काकूंनी आधी टाळलं, पण नंबर दिला. शुभंकर नावाचा पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये.

"काकू खूप चांगल्या आहेत," तो म्हणाला. "जेवायला पण बोलवायच्या."

"मग सोडलंस का?"

"ते... ऑफिस लांब पडत होतं."

"कुठे आहे ऑफिस?"

तो म्हणाला, "ॲक्चुअली मी वर्क फ्रॉम होम करतो." आणि बहुधा स्वतःचीच लाज वाटून पुढे म्हणाला, "ताई, तुम्ही एकदा संध्याकाळी जाऊन बघा. मला याहून जास्त बोलायला लावू नका."

दुसरी कुणी असती तर तिनं नाद सोडून दिला असता. पण पिशवीत काय आहे ते न बघता ती परत पाठवणं स्वप्नालीला कधी जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती केयाला घेऊन कर्णिकांकडे दोन दिवस राहायला गेली. बॅगा तिनं उघडल्या नाहीत. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं.

दुपार छान गेली. काकांनी केयाला नदीचं पाणी नळापर्यंत कसं येतं ते कागदावर चित्र काढून समजावलं, तेही इतकं सोपं करून की स्वप्नालीनंही कान दिला. मग उजेड उतरायला लागला. काका उठून खिडकीशी गेले, परत आले, परत गेले. काकूंनी सगळे दिवे लावले आणि पडदे ओढले. स्वप्नाली सगळं बघत होती. काकू तिची नजर टाळत होत्या.

मायलेकी वर गेल्या आणि थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली. काका दारात उभे होते. दुपारचा चेहरा कुठेच नव्हता.

"कोण तुम्ही? कोणी घेतलं आत?"

"काका, मी स्वप्नाली."

"मी विचारतोय कोणी घेतलं आत!" त्यांनी पुढे होऊन केयाची बॅग उचलली आणि पलंगावर उलटी केली. पुस्तकं, चार्जर, मोजे सगळं बाहेर आलं. "माझे बूट कुठे आहेत? गाडीची किल्ली कुठे आहे? या घरातून रोज एकेक वस्तू जाते, आणि ही बाई म्हणते मला भास होतात!"

स्वप्नाली मध्ये उभी राहिली आणि केयाला मागे ढकललं. काकू धावत वर आल्या. त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हो, बघते हं मी यांच्या बॅगा. तुम्ही खाली चला, चहा निवतोय." काका जाताना मागे वळून स्वप्नालीकडे बघत होते. तिला ती नजर ओळखीची वाटली. कुणाच्याही घरात पाय टाकताना तिची स्वतःची नजर अशीच असणार.

"केया, सामान भर," ती म्हणाली.

काकू परत वर आल्या तेव्हा बॅगा जिन्यापाशी होत्या.

"निघालीस?"

"हो. पण आधी ती खोली उघडा."

"त्यात काही नाही गं."

"काही नसेल तर उघडायला काय झालं?"

काकूंनी गळ्यातल्या साखळीतून किल्ली काढली. दार उघडलं आणि दिवा लावला. भिंतीलगत पुरुषांच्या बुटांच्या जोड्या ओळीनं लावलेल्या. खिळ्यांना जाड कोट, दोन मफलर. टेबलावर एक फोन, पाकीट, पासपोर्ट, टॉवेलात गुंडाळलेल्या सुऱ्या. महिन्याभरात गेलेले भाडेकरू, त्यांच्या आधीचे, आणि ही एवढी पादत्राणं. तिनं मागे न बघता केयाचं मनगट धरलं. मग तिला दिसलं की बूट सगळे एकाच मापाचे आहेत. आणि एका वाटीत शेगडीची काळी बटणं आहेत.

"सगळं यांचंच आहे," काकू म्हणाल्या. "एकदा गाडी घेऊन निघाले ते पार तासाभरावरच्या बॅरी गावात सापडले. मग मी किल्ली लपवली. मग भर थंडीत पायी निघाले, म्हणून बूट लपवले. शेगडी चालू ठेवून विसरायचे, ती बटणं. आता रोज संध्याकाळी म्हणतात, घरातून वस्तू जातात. डॉक्टर म्हणतात या आजारात असा संशय येतो." त्या वाटीतल्या बटणांकडे बघत राहिल्या. "यांचा संशय काही खोटा नाही गं. वस्तू जातातच. मीच नेते."

स्वप्नालीनं केयाचं मनगट सोडलं.

"तुम्ही मला सांगितलं नाही," स्वप्नाली म्हणाली.

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"मग?"

"म्हणून फसवायचं? माझ्यासोबत लेकरू आहे, काकू."

"मला हाक मारायला कुणीतरी घरात हवं होतं. एवढंच." त्या दाराला टेकल्या. "मुलगा पार पश्चिम किनाऱ्यावर, सरेला असतो, वेदांत. त्याला वाटतं बाबा थोडे विसरतात. मी त्याला सकाळी व्हिडिओ कॉल लावते, सकाळी हे छान असतात. खरं कळलं तर तो घर विकेल, यांना एकीकडे ठेवेल आणि मला एकीकडे."

स्वप्नालीनं बॅगा उचलल्या आणि ती निघाली. मोटेलवर ती रागानं धुसफुसत होती, पुन्हा एकदा आपल्या माणसानं गोड बोलून पत्ता दिला होता. केया पलंगावर आडवी पडून छताकडे बघत होती.

"ही वॉज द ओन्ली वन हू वॉजन्ट लाइंग," ती म्हणाली.

"कोण?"

"काका. एव्हरीवन एल्स वॉज. दॅट शुभंकर टू."

"त्यांनी तुझी बॅग उलटी केली."

"ही वॉज लुकिंग फॉर हिज शूज, मॉम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थॉर्नहिलला एक अपार्टमेंट पाहिलं. स्वच्छ, उन्हाचं, खाली लाँड्री. मॅनेजर बाईंनी नळ स्वतःहून सोडून दाखवला. स्वप्नालीनं कपाटं उघडली, खिडक्या हलवल्या, शेजारणीला विचारलं. काहीच सापडलं नाही, आणि त्याचाच तिला त्रास होऊ लागला. इथे जे काही वाईट असेल ते तिला राहायला आल्यावर कळणार होतं. या अख्ख्या शहरात जिथलं वाईटातलं वाईट तिला आधीच कळलं होतं, असं एकच घर होतं.

हे कारण तिनं पुढे मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. तिचं मात्र ते अगदी खरं कारण होतं. दयाबिया तिला तेव्हा आली नव्हती.

दुपारी ती पुन्हा कर्णिकांच्या दारात उभी राहिली. या वेळी तिनं गाडीत बसून घर न्याहाळलं नाही.

"आमच्या मजल्याला आतून बोल्ट लागेल," ती काकूंना म्हणाली. "आणि वेदांतला आज सांगायचं, माझ्यासमोर. कॉल सकाळी नाही, संध्याकाळी लावायचा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी थॉर्नहिलचं अपार्टमेंट घेते. तुमच्या मुलाला मी फोन करणार नाही, ते माझं काम नाही. पण मी इथे राहणार नाही."

काकू आत गेल्या. भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. काकांना फळं कापून दिली, कुलपाच्या खोलीतून सुरी आणून आणि परत ठेवून. उजेड उतरला तशा त्या फोन घेऊन टेबलाशी बसल्या आणि स्वप्नालीला म्हणाल्या, "तू मागे उभी राहा."

वेदांत ऑफिसमधून निघत होता. "आई? इज एव्हरीथिंग ओके? या वेळी कसा काय?"

काकूंनी फोन काकांच्या समोर धरला.

"हाय बाबा."

काकांनी स्क्रीनकडे बघितलं. "हा कोण? यालाही तूच आणलंस का घरात?"

वेदांतनं पुन्हा हाक मारली नाही. तो कुठेतरी पायरीवर बसला असावा, कारण स्क्रीनवर मागची भिंत वर सरकली. काकू मग सगळं बोलल्या. बॅरी, बूट, बटणं, गेलेले भाडेकरू. वेदांत रडला नाही, पण बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग त्याची नजर स्वप्नालीवर गेली.

"आणि या कोण?"

"वर राहायला येणारेय. टिमिन्सहून."

"व्हाय?" तो ताठ झाला. "हे सगळं माहीत असून तुम्हाला इथे का राहायचंय? तुम्हाला कोणी पाठवलं? माझे पेरेंट्स एकटे आहेत, मोठं घर आहे, हे बघून आलात का?"

"वेदांत," काकू म्हणाल्या.

"त्यांना विचारू द्या," स्वप्नाली म्हणाली. त्या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला कळणारी भाषा बोलत होतं. तिनं त्याला आपल्या लॅबच्या मॅनेजरचा नंबर दिला, टिमिन्सच्या घराचा पत्ता दिला, केयाच्या शाळेचं नाव सांगितलं. "सगळीकडे फोन करा. मी पण तुमच्याबद्दल विचारणार आहे." वेदांतनं खरंच सगळीकडे फोन केले. पुढच्या आठवड्यात तो विमानानं आला आणि आईवडिलांजवळ राहिला. जाताना वरच्या मजल्याला बोल्ट त्यानंच बसवला.

केयाचं शाळेचं वर्ष संपल्यावर मायलेकी कर्णिकांकडे राहायला आल्या. ते राहणं सोपं नव्हतं. काकांनी एका संध्याकाळी घरात चोर शिरलेत म्हणून पोलिसांना बोलावलं, आणि दोन पोलीस हॉलमध्ये बसून काकूंचा चहा प्यायले. स्वप्नाली रोज झोपताना बोल्ट ओढून बघे. केया मात्र काकांनी "कोण तू?" विचारलं की दर वेळी तेच सांगे, "केया. वर राहते." मराठीतलं तिचं ते सर्वात स्वच्छ वाक्य झालं. काकांचं समाधान झालं तर ते पाण्याचं चित्र काढत, नाही झालं तर दार दाखवत, आणि ती वर निघून येई. दुपारी मदतीला बाई येऊ लागली. वेदांत दर संध्याकाळी फोन करी, वडिलांनी ओळखलं नाही तरी.

पुढच्या वर्षी काका बाथरूममध्ये पडले, आणि त्यानंतर त्यांना जवळच्याच केअर होममध्ये जागा मिळाली. काकू आधी भांडल्या, मग स्वतःच त्यांची बॅग भरली. कुलपाच्या खोलीतला बुटांचा एक जोड त्यांनी त्यात घातला. घर विकायला निघालं. वेदांतनं सरेला बोलावलं, पण काकूंना काकांपासून लांब जायचं नव्हतं. त्यामुळे आता दोघींनाही घर हवं होतं, आणि त्या एकत्रच शोधायला लागल्या.

एका टाउनहाउसचा मालक फार अघळपघळ होता. "फील ॲट होम," म्हणत त्यानं सगळ्या खोल्या फिरवून दाखवल्या. स्वप्नालीला घर आवडलं होतं. काकूंनी विचारलं, "आधीचे भाडेकरू का गेले?" तो हसला, मग म्हणाला, त्यांना दुसरीकडे नोकरी लागली. काकूंनी पर्स उचलली.

बाहेर आल्यावर स्वप्नाली म्हणाली, "मला तर काही खटकलं नाही."

"आधी हसला आणि मग बोलला. मी पण तेच करायचे."

स्वप्नालीनं त्या घराचा विचार सोडून दिला. शेवटी तिला एका जुन्या इमारतीत दोन बेडरूमचं अपार्टमेंट मिळालं. इमारतीची देखभाल करणाऱ्या सुपरिंटेंडंटनं आधीच सांगितलं होतं की लिफ्ट हिवाळ्यात बंद पडते. काकूंनी केअर होमच्या समोरच्या रस्त्यावर एक छोटा कॉन्डो घेतला. दोन्ही घरांवरून एकच बस जाते. केया शनिवारी त्या बसनं जाते आणि काकांना आपलं नाव सांगून येते.